माळवलीला कोण वाजवून गेलं?

भरे गावातून निघालो तेव्हा पाऊस उघडला होता, खाचरांत भातलावणी चालू होती. घोटवडे, माण, हिंजवडी करत देहूरोडला जुना मुंबई रस्ता धरला. गाडीत 'विच' लावलं होतं, सत्तरच्या दशकातला झाम्बियाचा बँड. तांब्याच्या खाणींच्या मुलखातली ही पोरं. चरचरणारी गिटार आणि खाली अस्सल आफ्रिकी ठेका. रेडिओवर ९५ टक्के संगीत देशीच वाजलं पाहिजे, असा फतवा राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांनी काढला आणि झामरॉकला, म्हणजे झाम्बियाच्या या रॉकला, बळ मिळालं. पुढे तांब्याचे भाव कोसळले, एड्सने कितीतरी वादक नेले, 'विच'चा गायक जगारी रत्नांच्या खाणीत राबला. पण तबकड्या निघाल्या होत्या, म्हणून ते सूर माझ्यापर्यंत पोचले.

कार्ला फाट्यावरून डावीकडे माळवली. १९७१ साली इथे 'स्नेहयात्रा' ही रॉक संगीताची जत्रा भरली होती. आपलं वुडस्टॉक म्हणतात तिला. तेव्हा सिगारेट कंपनीच्या 'सिमला बीट' स्पर्धांतून आपली पोरं रॉक वाजवत होती, पण बाजार सगळा सिनेमाच्या गाण्यांचा. स्टेशनजवळ कणसं भाजणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "गाणी व्हय? ती एकविरेच्या जत्रंत." स्नेहयात्रेची खूण सांगणारी साधी पाटीही कुठे दिसली नाही. फार वाईट वाटलं.

तसाच भाज्याच्या लेण्यांच्या पायऱ्या चढलो. सूर्यगुंफेच्या ओसरीत, उजव्या हाताला, इंद्राच्या हत्तीखाली एक बाई बसून वाद्य वाजवते आहे. जवळजवळ ठेवलेल्या दोन पुड्यांवर तिचे हात, शेजारी दुसरी नाचते आहे. दगड झिजलाय, तरी बोटांचा ताण कळतो. दोन हजार वर्षांपूर्वीची मैफल इथे जशीच्या तशी सापडते, आणि हाकेच्या अंतरावर माझ्या वडिलांच्या पिढीने वाजवलेलं ऐकायला मिळत नाही.

मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या रॉक बँडचं नशीब त्यातल्या त्यात बरं. त्यांची एकुलती एक तबकडी १९८१ मध्ये निघाली आणि विस्मरणात गेली. २०११ मध्ये ती पुन्हा काढली लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' कंपनीने. झामरॉक जगापुढे आणणारीही हीच. स्नेहयात्रेत कुणी टेपरेकॉर्डर नेला असेल, तर ती फीत अजून पुण्या-मुंबईत कुणाच्या तरी पोटमाळ्यावर पडून असेल. घरं पाडली जाण्याआधी ती शोधायला हवी. उतरताना, कुणाकुणाला फोन करायचे त्यांची नावं मी मनात जमवत होतो.