फणीतले पहिले केळे

मे २०२३ मधली गोष्ट. जर्मनीत असलेल्या आमच्या लेकीला मुलगा झाला आणि नातवाच्या स्नानसंस्काराला आम्ही उभयतांनी यावे, असा तिने हट्ट धरला. मुंबईहून निघणारे तिकीट महाग होते. जावयाने चौकशी केली तेव्हा त्याला एक नवल आढळले. फ्रँकफर्टहून मुंबईला येऊन पुन्हा फ्रँकफर्टला जाण्याचे दुहेरी तिकीट, मुंबई-फ्रँकफर्ट या एकेरी तिकिटापेक्षा स्वस्त होते. त्याने तेच आमच्या नावे काढले. पहिला अर्धा भाग सोडून द्यायचा आणि दुसऱ्या अर्ध्यावर आम्ही जायचे, असा त्याचा सरळ हिशेब.

सहार विमानतळावर तो हिशेब कोसळला. ‘‘पहिला प्रवास केला नाहीत, म्हणून पुढचे तिकीट आपोआप रद्द झाले आहे,’’ असे खिडकीवरच्या मुलीने नम्रपणे सांगितले. विहिरीच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले सव्वा लाख रुपये मोडून आम्ही नवी तिकिटे काढली. स्नानसंस्काराला वेळेवर पोहोचलो, नातवाला मांडीवर घेतले. पण मनातली सल गेली नाही. आम्ही लबाडी केली होती काय? की लबाडी आमच्याशी झाली होती?

आम्ही वसईची माणसे. वसईत केळीची फणी एका भावाने मिळते, दादरच्या बाजारात दुसऱ्या भावाने. त्याबद्दल कोणी व्यापाऱ्याला दोष देत नाही. विमानाचे भाडेही बाजारागणिक बदलते. जेथे स्पर्धा तीव्र, तेथे ते उतरते. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमानुसार तेथून सुटणाऱ्या विमानाचे भाडे ग्राहकाचे राष्ट्रीयत्व वा निवास पाहून बदलता येत नाही. मात्र प्रवास कोठून सुरू होतो, यावरून ते बदलण्यास हरकत नाही. तेव्हा दोन भाव असण्याविषयी माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती वेगळीच. फणीतले पहिले केळे मी खाल्ले नाही, म्हणून पैसे चुकते केलेली उरलेली अकरा केळी दुकानदाराने परत हिसकावून घ्यावीत काय?

जर्मनीतल्या वास्तव्यात कळले की हाच प्रश्न तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे आला होता. एप्रिल २०१० मध्ये त्या न्यायालयाने निर्णय दिला, की तिकिटाचा एक भाग वापरला नाही म्हणून उरलेला भाग सरसकट रद्द करणारी अट प्रवाशावर अन्याय करणारी आहे. मात्र कंपनीची बाजूही न्यायालयाने ऐकली. स्वस्त भाड्याची सवलत कोणी आडवाटेने घेत असेल, तर प्रत्यक्ष प्रवासाचे भाडे जास्त होते तेवढा फरक कंपनीने मागावा, असे त्याचे म्हणणे. पुढे लुफ्थान्साने एका प्रवाशावर २,११२ युरोंचा दावा लावला. ऑस्लोहून सुरू होणारे स्वस्त तिकीट घेऊन तो सिएटलला गेला आणि परतताना फ्रँकफर्टलाच उतरला. डिसेंबर २०१८ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दावा फेटाळला. फरक कसा काढायचा, हे कंपनीच्या अटींत स्पष्ट नव्हते.

आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली आहे. ग्राहकाने करार मोडल्यास झालेल्या नुकसानीशी अगदीच विसंगत असा दंड लादणारी अट त्यात मोडते, आणि तिच्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते.

हे वाचून मी जावयाला म्हटले, ‘‘आपण तक्रार करू.’’ तो संकोचला. ‘‘पप्पा, अटी मान्य आहेत अशी खूण मीच केली होती.’’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणूनच तक्रारीत आम्ही काहीही लपवले नाही. पहिला प्रवास करण्याचा आमचा विचार नव्हता, हे स्पष्ट लिहिले. फरकाची रक्कम कापून घ्या. पण सगळे तिकीट गिळू नका, एवढीच मागणी केली.

कंपनीने तीन ओळींत नकार दिला. मग आम्ही तेथील विमानप्रवाशांच्या तडजोड मंडळाकडे गेलो. सात महिन्यांनी फरक वजा करून काही रक्कम परत आली. ती सव्वा लाखाच्या निम्मीही नव्हती. पत्नी म्हणाली, ‘‘एवढ्यासाठी एवढी लिखापढी?’’

मला मात्र ती लिखापढी आवश्यक वाटते. अशा अटींना बगल देणारे पुष्कळ आहेत. कोणी आजारपणाची सबब सांगतो, कोणी मधल्याच विमानतळावर गुपचूप उतरतो. त्याचे काम होते. अट मात्र तशीच राहते आणि पुढच्या भोळ्या प्रवाशाला अडवते. आपली बाजू शंभर टक्के निर्मळ नसली, तरी ती उघडपणे मांडून न्याय मागता येतो. त्यात आपल्या चुकीची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजायला तयार असणाऱ्यालाच दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवण्याचा अधिकार पोहोचतो.

विहिरीचा कठडा यंदा बांधून झाला. परत आलेल्या पैशांत सिमेंटच्या गोण्या तेवढ्या आल्या.