गोड्या पाण्याचं वैर

आजोबांच्या पडावाला आतली बाजू अशी नव्हतीच. वेंगुर्ल्याहून मुंबईला जाताना त्याच्या पोटात काथ्या, नारळ, कोकम, आंब्याच्या पेट्या, मिळेल तो माल. खलाशी त्या मालावरच अंग टाकायचे. चूल म्हणजे मातीने लिंपलेला लाकडी पेटारा, तोही वर उघड्यावर. पडाव मालाचा, माणसांनी उरल्या जागेत मावायचं. होडीच्या आत बिछाना, टेबल, पुस्तकांची फळी असते आणि ती राखण्यात माणसं उन्हाळेच्या उन्हाळे घालवतात, हे मला पस्तिशी उलटल्यावर, नोकरीसाठी पोर्ट्समथला आल्यावर कळलं.

पडावाची एक गोष्ट मात्र लहानपणापासून मनात होती. पावसाळ्यात तो किनाऱ्यावर ओढून त्यावर नारळाच्या झापांचं छप्पर घालत. आणि विहीर हाकेच्या अंतरावर असूनही आजोबा तो धुवायला पाणी आणवत ते समुद्राचं. विहिरीची घागर पडावात ओतणाऱ्या पोराची खैर नसे. जी वस्तू जन्मभर समुद्रात राहते ती पावसाला एवढी का घाबरते, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. कारण साधं आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ सोसत नाही. तिला गोडं पाणी आणि कोंदट हवा लागते. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो, पण त्याच्यासाठी तळाला चुन्या-तेलाचा लेप देत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे जहाजबांधणीवाले तर नव्या जहाजाच्या बरगड्यांमध्ये चक्क खडेमीठ भरत. आजोबांना हे कुणी सांगितलं नसणार. सांगायची गरजही नव्हती.

पुढे रस्ते झाले, ट्रक आले, पडाव विकला गेला. मुंबईत कॉलेजात असताना नेव्हल एन.सी.सी.च्या व्हेलरमध्ये वल्ही मारली, कधी शीडही उभारलं. त्याही होड्या उघड्याच.

पोर्ट्समथजवळच्या एका खाडीत मी घेतलेली होडी सव्वीस फुटी, 1970च्या दशकातली, फायबरग्लासची. तळाला एकाऐवजी दोन पाती, म्हणजे ओहोटीला चिखलात ती सरळ उभी राहते. फायबरग्लास काही कुजत नाही. आतलं सगळं मात्र प्लायवूडचं, वर सागवानाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. आणि या देशात पाऊस बारा महिने.

समुद्र या होडीत थेंबानेही येत नव्हता. येत होता तो पाऊस, आणि तोही वरून: डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा डेकमधून जिथे आत उतरतात तिथून. त्याखालीच आडवी भिंत, जिच्यावर काठीचा भार. ती पाहणाऱ्याला चकचकीत दिसे. पावसाचा ओघळ ज्या कडेने उतरत होता तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो पाण्यात भिजलेल्या शिळ्या भाकरीच्या तुकड्यात जावा तसा आरपार. काळा पडलेला भाग कापला आणि जोड दिला तो तिरपा, एकास आठ या उताराने, म्हणजे चिकटायला पृष्ठभाग भरपूर मिळतो. मग इपॉक्सी, आणि भिंतीचा होडीच्या अंगाशी असलेला सांधा काचेच्या कापडाने पुन्हा बांधून काढला.

छताचं काम सगळ्यांत घाणेरडं. त्या काळी छताला फोमचं अस्तर असलेलं रेक्झिन चिकटवत. काही वर्षांनी फोमची भुकटी होते आणि रेक्झिन पोट सुटल्यासारखं खाली लोंबतं. ते ओढलं की तपकिरी, चिकट पूड डोळ्यांत, कानांत, सँडविचमध्ये. खरवडताना मान वर, हात वर, कोपर कुठल्यातरी खुंटीवर. बायकोने मला त्या अवतारात पाहिलं आणि गाडीच्या सीटवर जुनी चादर अंथरली. बोलली काहीच नाही.

सुतारकामाचं जे काही येत होतं, ते इथे उपयोगी पडेना. स्पिरिट लेव्हल लावायची कशाला? भरती आली की होडीच हलते. गुण्याही निकामी, कारण काटकोन कुठे नाहीच. प्रत्येक फळीसाठी आधी पुठ्ठा कापायचा, बसवून बघायचा, पुन्हा कापायचा. त्यात आठ बाय चारचा प्लाय दोन फुटी तोंडातून आत जात नाही. कारखान्यात आधी आतलं सगळं बसवलं आणि मग वरून डेक बसवला, हे ध्यानात आल्यावर मी चिडणं सोडलं.

लाकूड मिळवणं ही वेगळीच कथा. म्यानमारमधल्या 2021च्या लष्करी उठावानंतर ब्रिटनने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. तिथला चांगला साग आधीच महाग, आता त्याला हात लावायची सोय उरली नाही. इथले होडीवाले म्हणून शाळांच्या प्रयोगशाळांतली जुनी टेबलं शोधतात. ती सागाची किंवा आफ्रिकेतल्या इरोकोची असत. मला मिळालेल्या फळ्यांना गॅसच्या नळ्यांची भोकं होती, खाली च्युइंगम होतं, आणि कर्कटकाने कोरलेली कुणाची तरी आद्याक्षरं. रंधा मारल्यावर सगळं गेलं. आद्याक्षरं मी एका कपाटाच्या आतल्या बाजूला मुद्दाम राखली.

याच सुमारास हार्टलपूलला जाऊन 'ट्रिंकोमाली' पाहिली. 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधलेली, युरोपात अजून तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका. 1986पर्यंत ती आमच्या पोर्ट्समथच्या बंदरातच दुसऱ्या नावाने पोरांना शिकवायला उभी होती. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागातलं तेल ते सांभाळतं. मुंबईच्या बांधणीची मातब्बरी निम्मी इथे आहे. निम्मी कारागिरांची, ज्यांची नावं फलकावर नाहीत.

चुलीबाबत मात्र मला काही शिकावं लागलं नाही. जुन्या मालकाची रॉकेलची, पंप मारायची, होडी कलली तरी सरळ झुलणारी. बाटलीतला गॅस हवेपेक्षा जड, गळला तर होडीच्या तळाशी साचतो. म्हणून मी हीच ठेवली. आधी स्पिरिटने बर्नर तापवायचा, भडकला तर हवा सोडायची, तुंबला तर पिन. शेजारच्या होडीवरचे गोरे काका हे सगळं पुस्तकात बघून करतात.

गाद्यांखाली सलग फळीऐवजी पट्ट्या मारल्या, कपाटांच्या दारांना भोकं पाडली, म्हणजे हवा खेळेल. दोन माणसं रात्रभर श्वास घेतात तेवढ्यानेही छताला पाणी धरतं, आणि तेही गोडंच.

गेल्या जूनमध्ये बाबा आले. नव्या गाद्यांकडे त्यांनी "होडयेत गादी कित्याक रे?" एवढं म्हणून पाठ फिरवली. खाली बसले, बिछान्याखाली कोपरापर्यंत हात घातला आणि विचारलं, "पाण्याक वाट ठेवलंस मा?" होडीच्या तळातल्या आडव्या पट्ट्यांना भोकं असतात, आत आलेलं पाणी त्यांतून सर्वांत खोल जागी, उपसायच्या पंपापाशी जातं. मी हो म्हटलं. त्यांनी पुढच्या टोकाला मगभर पाणी ओतलं. ते दोन भोकं ओलांडून आलं आणि तिसऱ्यापाशी थबकलं. कारखान्यातला रेझिनचा गोळा पन्नासेक वर्षं तिथे बसलेला. ड्रिलने तो फोडून होईस्तोवर बाबा बॅटरी धरून बसले होते. मग दुसऱ्या बाजूची भोकं तपासायला निघाले. आता खिडक्यांचं रबर बदलायचं उरलंय, तेवढं ऑक्टोबरच्या आत झालं पाहिजे.