आभारांची थकबाकी

दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. गावात टीव्ही दोनच, त्यातला एक आमच्या वाड्यात. आबा, म्हणजे माझे आजोबा, आरामखुर्चीत. आम्ही पोरं सतरंजीवर, गल्लीतल्या बायका भिंतीला टेकून. आणि आमचे सालगडी, ज्यांना आम्ही मुलं तात्या म्हणायचो, ते उंबऱ्यापलीकडे पायरीवर. तिथून पडदा तिरका दिसायचा, तरी तात्या एक रविवार चुकवायचे नाहीत. इंग्रजी कोणालाच कळत नव्हतं. त्यामुळे वाईट माणूस कोण, हे तोंडाकडे बघूनच ठरवावं लागे आणि त्यात आम्ही तरबेज झालो होतो. भुवया वर गेलेल्या, आवाज जाड, की झालं.

एका रविवारी हा ठोकताळा फसला. शत्रूच्या यानाचा कप्तान पडद्यावर आला आणि त्याचे कान हुबेहूब स्पॉकसारखे. आमच्या स्पॉकसारखे! सतरंजीवर गोंधळ उडाला. (पुढं कळलं की तो १९६६ सालचा ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग, आणि त्याची गोष्टही हीच: त्या कानांवरून यानातलाच एक जण स्पॉकवर संशय घेतो. कप्तानाचं काम करणारे मार्क लेनर्ड नंतर स्पॉकचे वडील म्हणून आले, हा आणखी एक गमतीचा भाग.) तो कप्तान ओरडत नव्हता, दात विचकत नव्हता. नुसता बघायचा. शेवटी त्यानं आपलं यान आपल्याच हातानं उडवून दिलं. सगळे गप्प बसले होते, आणि पायरीवरून तात्यांचा आवाज आला, “ह्यो बी दमलाय की.”

आबा हसले. म्हणून मीही हसले.

त्यानंतर बरीच वर्षं असा दमलेला शत्रू काही भेटला नाही. १९९७ मध्ये ‘शक्तिमान’ सुरू झालं तेव्हा मी नोकरीला लागले होते आणि भाच्याच्या नावावर बघत होते. तमराज किलविष. जगभर अंधार पसरवायचा, एवढाच त्याचा कार्यक्रम. पसरल्यावर पुढं काय, हे त्याच्या चेल्यांनीही कधी विचारलं नाही. भाचा मात्र घाबरून माझ्या मांडीत तोंड खुपसायचा. त्या वयाला तेवढं पुरतं. किलविष आपल्या घरातला कोणी निघेल, अशी भीती तरी नसते.

घरातला खलनायक मला भेटला न्यू जर्सीत, २००४ च्या हिवाळ्यात. नवरा आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि सार्वजनिक वाचनालयात डीव्हीडी फुकट. तिथं ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’चे संच होते. ही मालिका १९९३ ते १९९९ अशी सात पर्वं चालली, १७६ भाग. जुन्या ‘स्टार ट्रेक’मध्ये यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर जातं, तिथलं भांडण मिटवतं आणि निघून जातं. इथं एक अंतराळ स्थानक आहे आणि ते जागचं फारसं हलत नाही. त्यामुळे कोणाला मागं टाकून जायची सोय नाही. ज्याच्याशी काल भांडलो तो उद्या उपाहारगृहात शेजारच्या टेबलावर. बेजोर नावाच्या ग्रहावर कार्डेशियन लोकांनी पन्नासेक वर्षं राज्य केलं, खाणी उपसल्या, माणसं छावण्यांत कोंबली, आणि आता ते निघून गेलेत. स्थानकही त्यांच्याच काळातलं. बेजोरी माणसं वेठीला धरून तिथं खनिज गाळलं जायचं.

गुल डुकाट हा त्या राजवटीचा शेवटचा प्रशासक. पहिल्याच भागात तो पाहुणा म्हणून येतो, नव्या अधिकाऱ्याच्या खोलीत उभा राहतो आणि दोन आठवड्यांपूर्वी ही खोली आपली होती, हे गोड आवाजात सांगतो. विकलेल्या घरी चहाला आलेल्या माणसासारखा. राखाडी कातडी, मानेवर खवल्यांच्या कडा, कपाळावर चमच्यासारखा खळगा आणि त्या सगळ्यातून येणारं आर्जवी बोलणं. मार्क अलाइमो या नटानं त्याला खलनायक म्हणून रंगवलेलंच नाही. आपण भला माणूस आहोत, याची डुकाटला पक्की खात्री आहे. लोकांना ते दिसत नाही, एवढंच त्याचं दुःख.

आणि काही वेळा तो भला असतोही. एका बेजोरी बाईपासून त्याला झियाल नावाची मुलगी झालेली असते. ती जिवंत राहिली तर पद आणि संसार दोन्ही जाणार, म्हणून तो तिला शोधून मारायला निघतो. ती समोर येते. त्याचा हात खाली येतो आणि तो तिला पोटाशी धरतो. त्या रात्री आम्ही दोघंही नाक पुसत होतो. “चांगला आहे रे तो,” मी नवऱ्याला म्हणाले.

सहाव्या पर्वात युद्ध जिंकत आल्यासारखं दिसत असताना डुकाट आपल्या मित्रपक्षाच्या माणसापाशी मन मोकळं करतो. बेजोरींना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं, पण आजतागायत तिथं आपला एक तरी पुतळा आहे का? नसावा, असं तो मित्र कोरडेपणानं म्हणतो. आम्ही पडलो मराठी माणसं. पुतळ्याचं नाव निघाल्यावर हसू आवरणं कठीण. पुढं ते आमच्या घरात रूढच झालं. आमटी चांगली जमली आणि कोणी काही बोललं नाही, की “पुतळा बसवा माझा.”

पाचच भागांनंतर, १९९८ च्या ‘वॉल्ट्झ’ नावाच्या भागात, ते हसू जिरलं. एका ओसाड ग्रहावर डुकाट आणि स्थानकाचा प्रमुख सिस्को असे दोघंच अडकलेत. डुकाटचं डोकं ठिकाणावर नाही, पण हिशेब मात्र चोख आहे. आल्याबरोबर आपण छावण्यांना ठरवून दिलेलं काम पन्नास टक्क्यांनी कमी केलं. मुलांना जुंपणं बंद केलं. औषधपाणी सुधारलं, शिधा वाढवला. महिन्याभरात मृत्यूंचं प्रमाण वीस टक्क्यांनी खाली आलं. आणि बदल्यात त्यांनी काय दिलं? बॉम्बस्फोट. मग आपणही दोनशे संशयितांना मारलं, दुसरं करणार काय! हे आकडे बहुधा खरे असावेत, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळेच. उरलेले ऐंशी टक्के कशानं मरत होते, ही ओळ त्याच्या वहीत नाही.

मी डीव्हीडी थांबवली आणि उठून पाणी प्यायले. आवाज ओळखीचा होता.

१९७२ च्या दुष्काळात आबांनी पेव उघडलं आणि अख्ख्या गल्लीला जोंधळा दिला. आमच्या घरात ही गोष्ट सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगितली जायची. दिला म्हणजे सवाईनं दिला. चार पायली नेली तर सुगीला पाच परत. “बाकीचे दिडीनं घालत होते, मी सवाईनं,” आबा म्हणायचे, “पण त्याचं कोणाला काही आहे का?” त्या जोंधळ्यापोटीच पुढच्या पाडव्याला तात्या आमच्याकडे सालानं राहिले. एका सालात फिटायला हवं होतं. मग बायकोचं बाळंतपण आलं, पोरीचं लग्न आलं, उचलीवर उचल चढत गेली आणि एकोणीस पाडवे गेले. त्या लग्नात मांडवाचा खर्च आबांनी केला, हे खरं. तात्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या तेव्हा आबांनी स्वतः जीपमध्ये घालून रातोरात मिरज गाठलं, हेही खरं. माझे तर आबांइतके लाड कोणी केले नाहीत.

१९९१ मध्ये आबा गेले. तेराव्याला तात्या आले, पंगतीत बसले, जेवले, आपली पत्रावळ उचलली आणि फोटोकडे न बघता चालते झाले. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

तो राग तेरा वर्षांनी, समुद्रापार, राखाडी मुखवटा चढवलेल्या एका माणसानं हलवला. तेच काम आपल्याकडच्या गोष्टींनी का केलं नाही, याचा मी खूप विचार केलाय. ‘सामना’तला निळू फुले यांचा हिंदुराव हा डुकाटचा चुलतभाऊ शोभेल असा साखरसम्राट, मी तो सिनेमा तीनदा बघितला होता. पण हिंदुराव पाटील म्हटल्याबरोबर मी सावध झाले होते. तो आपला आहे, पण आपल्या घरातला नाही, असं मनाशी ठरवूनच बघायला बसले होते. आपल्याकडे आडनाव ऐकलं की बाजू ठरते. गाव कळलं की आणखी पक्की होते. गुल डुकाट या नावावरून मात्र काहीच उमगत नाही; गुल ही लष्करी पदवी, आणि डुकाट कोणत्या आळीचा, कोणाला माहीत. त्यामुळे मी बेसावध राहिले, त्याची बाजू घेतली, त्याच्यासाठी रडले. मी त्याची माणूस झाले आणि मगच त्याची वही उघडली गेली. विज्ञानकथेचा हा कावा मला फार आवडतो. लांबची गोष्ट म्हणून आपण दार उघडं ठेवतो.

याच मालिकेत पहिल्या पर्वात ‘ड्युएट’ नावाचा भाग आहे. बहुतेक सगळा एका कोठडीत घडणारा. कीरा ही पूर्वाश्रमीची बेजोरी बंडखोर, आता स्थानकावरची अधिकारी. ती एका कार्डेशियनाला पकडते. एका कुप्रसिद्ध छावणीचा तो प्रमुख, ‘खाटीक’ म्हणून ओळखला जाणारा, असा संशय. तो माणूस कबूल करतो, कबूल करून वर फुशारक्या मारतो. हॅरिस यूलिन या नटानं ते असं केलंय की बघताना मुठी वळतात. आणि मग एकेक धागा सुटत जातो. खाटीक केव्हाच मेलाय. हा त्याच छावणीतला साधा कारकून, मारिट्झा, फायली लावणारा. रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कान झाकून पडणारा. शस्त्रक्रियेनं त्या प्रमुखाचा चेहरा लावून तो मुद्दाम पकडला गेलाय, कारण कोणीतरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं तरच आपल्या लोकांना आपण काय केलं ते दिसेल, असं त्याला वाटतं. कीरा त्याला सोडून देते. स्थानकाच्या चौकात एक बेजोरी माणूस त्याला भोसकतो. कार्डेशियन आहे, एवढं कारण त्याला पुरेसं असतं.

ज्याचा गुन्हा लहान तो सगळा आपल्या अंगावर ओढून घेतो, आणि ज्याचा मोठा तो पुतळा मागतो. हे दोन भाग ओळीनं बघा, असं मी भेटेल त्याला सांगत असते. फारसं कोणी ऐकत नाही.

काई विन या बाईंविषयीही लिहायला हवं, पण त्यांना वेगळा लेख लागेल. बेजोरींच्या धर्मगुरू, लुईझ फ्लेचर यांनी केलेल्या. मालिकेत त्यांच्याइतका राग मी डुकाटचाही केला नाही. त्यांचं ते साखर पेरलेलं “बाळ, बाळ” ऐकलं की दात शिवशिवतात. आणि एका भागात त्या शांतपणे सांगतात की कार्डेशियनांच्या तुरुंगात पाच वर्षं त्यांनीही मार खाल्ला, धर्म शिकवल्याबद्दल. बंदुका घेणारेच तेवढे लढले, असं तुम्हाला वाटतं. तेव्हा कीराबरोबर आपणही ओशाळतो. पुढच्या भागात त्या परत तशाच.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. प्रेक्षक डुकाटच्या प्रेमात पडतायत हे बघून लेखक बिचकले, असं त्यांच्याच बोलण्यातून पुढं कळलं. ‘वॉल्ट्झ’पर्यंत ते ठीक होतं. त्यापुढं मात्र त्यांनी त्याच्या अंगात दुष्ट शक्ती घातल्या, शेवटी डोळे लाल केले. म्हणजे पुन्हा किलविष! लाल डोळ्यांच्या माणसाला मी ओळखत नाही. त्याची मला भीती वाटत नाही.

२००९ मध्ये आम्ही पुण्यात परतलो होतो आणि माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती. मंदीची यादी आली, त्यात ११ नावं. मी भांडले, रात्रीच्या फोनवर भांडले आणि यादी ६ वर आणली. मग त्या सहा जणांना एकेक करून काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर टिश्यूचा डबा आणि पाण्याचे ग्लास मीच मांडले होते. चौघांनी आभार मानले, एक रडली. सहावा टेस्टिंगमधला अबोल मुलगा होता. त्यानं पाकीट घेतलं, “ओके” म्हणाला, खुर्ची आत सरकवली आणि माझ्याकडे न बघता गेला. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी मी नियम वाकवून रजा दिली होती.

रात्री भाकरी थापताना मी नवऱ्याला म्हणाले, “पाच जणांच्या नोकऱ्या वाचवल्या मी. त्याचं कोणाला काही आहे का?”

तो कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, “पुतळा हवाय का?”

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेले होते. शाळेची जागा आबांनी दिलेली. तिथं त्यांचा अर्धपुतळा बसवावा, असं चुलतभावाच्या मनात आहे. कोल्हापूरच्या एका शिल्पकाराकडून मातीचा नमुनाही करून आणलाय, मिशा थोड्या जास्त झाल्यात. ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. सरपंच सध्या तात्यांचा नातू आहे, बी.एस्सी. झालेला, द्राक्षबाग करतो. त्याला फराळाला बोलावलं होतं. तो सोप्यात आला, आरामखुर्चीशेजारच्या खुर्चीत बसला. नमुना त्यानं हातात घेऊन सगळ्या बाजूंनी नीट बघितला.

“बसवू की. ठरावाचं काही नाही,” तो म्हणाला. चहा संपवला, कप बशीत ठेवला. मग माझ्याकडे वळून विचारलं, “ताई, खाली काय लिहायचं ठरलंय?”

चुलतभावानंही माझ्याकडेच बघितलं. घरात लिहिणारी मीच.