नवीन काय, हे शेवटी वाचावं

राउटर-ओएसची नवी आवृत्ती आली की आमच्या धंद्यात पहिला प्रश्न ठरलेला: ‘नवीन काय दिलंय?’ कळव्यापासून टिटवाळ्यापर्यंत छोट्या नेटवाल्यांच्या कंट्रोल रूममध्ये लॅटव्हियाच्या मायक्रोटिकचा डबा हमखास सापडतो, आणि त्यावरच्या राउटर-ओएसची सातवी आवृत्ती डिसेंबर 2021 मध्ये 7.1 म्हणून स्थिर झाली तेव्हा यादी घसघशीतच होती. वायरगार्ड आलं, ‘केक’ रांग आली, बीजीपी मुळापासून नव्याने लिहिलं गेलं. तरी माझं मत असं की ही यादी शेवटी वाचावी. आधी वाचावं ते बदललेलं आणि काढून टाकलेलं. रात्री दोन वाजता फोन वाजतात ते त्याच्यामुळे.

बीजीपीचं फिल्टर घ्या. सहाव्या आवृत्तीत फिल्टरच्या साखळीतला कुठलाच नियम लागू पडला नाही, तर मार्ग आपोआप स्वीकारला जायचा. सातव्यात तो नाकारला जातो. माझ्या मते हा बदल शहाणपणाचाच आहे, कारण चुकून दुसऱ्याचे मार्ग जगाला सांगत बसण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. पण जुन्या सवयीने साखळी लिहिली आणि शेवटी ‘स्वीकार’ घालायचा राहिला, की सेशन एस्टॅब्लिश्ड दिसतं, अपस्ट्रीमवाला ‘आमच्याकडून ओके’ म्हणतो, आणि टेबलात त्याच्याकडून एकही चालू मार्ग नसतो. दुसरं उदाहरण रूट कॅशचं. सहावी आवृत्ती लिनक्सच्या 3.3.5 कर्नेलवर होती, सातवी 5.6.3 वर गेली, मधे 3.6 मध्ये मूळ लिनक्सनेच आयपीव्ही 4 ची रूट कॅश काढून टाकली होती. त्यामुळे काही जुन्या डब्यांवर तेवढ्याच ट्रॅफिकला सीपीयू जास्त चढतो. उलट 36 कोअरच्या सीसीआर 1036 वरही सहाव्यात बीजीपी एकाच कोअरवर राबायचं, ते काम आता वाटलं जातं. म्हणजे हेच अपडेट एकाला लाभेल, दुसऱ्याला बाधेल.

नव्या सोयी फुकट नाहीत आणि फालतूही नाहीत. घरून काम करणाऱ्याचा व्हिडिओ कॉल चालू असताना त्याच घरातून मोठी फाइल वर चढायला लागली, की ‘केक’ जे सांभाळतं ते बँडविड्थ वाढवून साधत नाही. फक्त फास्टट्रॅक चालू ठेवलं तर पाकिटं सिंपल क्यूला वळसा घालून निघून जातात, आणि मग ‘केक लावला, फरक काही पडला नाही’ अशी ख्याती होते.

यावर नेहमीचा आक्षेप: चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? एरवी मलाही हे पटतं, पण 2018 नंतर नाही. विनबॉक्समधून लॉगिनशिवाय युजरची फाइल वाचता येत होती. एप्रिलमध्ये दुरुस्ती निघाली, आणि उन्हाळा सरल्यावरही ब्राझीलसह जगभरातले हजारो राउटर दुसऱ्यासाठी क्रिप्टो खणत होते. पुढे सप्टेंबर 2021 मध्ये यांडेक्सवर मेरिस बॉटनेटचा हल्ला झाला तेव्हा कंपनीने सांगितलं की त्यातले बरेच राउटर 2018 मध्येच फुटलेले होते. नुसतं अपडेट करून पासवर्ड तोच ठेवणाऱ्याला अपडेटने वाचवलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: छोट्या नेटवाल्याकडे चाचणीसाठी जादा राउटर कुठला? फिल्टरची नवी भाषा तपासायला सीएचआर या आभासी राउटरचा फुकट परवाना पुरतो; त्यावर दर इंटरफेसला वेग 1 एमबीपीएसच मिळतो, पण नियम तपासायला तेवढा बस्स. ज्या डब्यात पार्टिशनची सोय आहे तिथे जुनी आवृत्ती बाजूला ठेवून परतीची वाट राखता येते. राहिला ग्राहक. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी फेब्रुवारी 2022 मध्ये मध्य रेल्वेने 72 तासांचा मेगाब्लॉक घेतला. आधी जाहीर केला होता, म्हणून लोकांनी शिव्या देत का होईना, तो धरून बेत आखले. गटाराच्या खोदकामात फायबर तुटलं तर चार तास नेट बंद राहिलेलं आपण ग्राहकाच्या गळी उतरवतो. मग पहाटेची वीस मिनिटं आधी मेसेज टाकून मागायला मालक का कचरतो, हे कोडंच आहे. मात्र मेसेजमध्ये वेळ दोन रिबूटची धरावी. राउटर-ओएस चढल्यावर राउटरबूटचं फर्मवेअर वेगळं चढवावं लागतं, आणि ते दुसऱ्या रिबूटनंतरच लागू होतं.