शिल्लक आम्लाचा हिशोब

साहित्याचा विषय निघाला की वाशीमच्या माणसाला वत्सगुल्म आठवते. वाकाटकांच्या या राजधानीत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह झाला, असे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त लिहून ठेवले आहे. हा दाखला आम्हीही वर्गात अनेकदा दिला आहे. परंतु नेमके वाचणे म्हणजे काय, हे आम्ही याच गावी, बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकलो. त्या वाचनाची मर्यादा मात्र घरी कळली.

प्रकल्प होता आम्लनाशक औषधांची क्षमता मोजण्याचा. विषय निवडला तो वडिलांमुळे. रात्री जेवणानंतर ते पोट धरून बसत आणि पाण्यात खाण्याचा सोडा घालून पीत. ‘ढेकर आला की बरं वाटते,’ एवढेच म्हणत.

आम्लनाशक गोळी पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून तिचे सरळ अनुमापन साधत नाही. तिच्या पुडीवर ठाऊक मापाचे, गरजेहून अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे, मिश्रण उकळायचे आणि उरलेले आम्ल ब्युरेटमधल्या सोडियम हायड्रॉक्साइडने मोजायचे. घातलेल्यातून उरलेले वजा केले की गोळीने किती आम्ल संपवले ते कळते.

पहिल्या खेपेस आम्ही उकळण्याचा कंटाळा केला. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग येई आणि विरून जाई. द्रावणात राहिलेला कार्बन डायऑक्साइडही सोडियम हायड्रॉक्साइड खात होता; त्यामुळे शिल्लक फुगत होती आणि गोळी आहे त्याहून दुबळी ठरत होती. शेजारी आदल्या वर्षीची प्रयोगवही उघडी होती. तीत उत्तर तयार होते. मोह झाला, तरी आम्ही पुन्हा पूड घेतली आणि या वेळी उकळली. हिशोबाप्रमाणे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटने १० मिलिमोल आम्ल संपवायला हवे, १ ग्रॅम सोड्याने सुमारे १२. आमचे आकडे त्याच्या जवळ आले.

वहीतले पान वडिलांना दाखवले. सोडा गुणाचा निघाला याचे त्यांनाही समाधान वाटले, आणि तो पुढे तीन वर्षे चालू राहिला.

अखेर दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा जठरात व्रण आढळला. मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू होता. त्याच्याच शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. दोन प्रतिजैविके आणि आम्लाची निर्मिती रोखणारे औषध दोन आठवडे घेतल्यावर दुखणे गेले. ते औषध आमच्या चंचुपात्रात टाकले असते, तर जवळजवळ निकामी ठरले असते. कारण ते तयार आम्ल मारत नाही, आम्ल तयार करणाऱ्या पेशींना आवरते.

आमचा आकडा आजही बरोबर आहे. सोडा किती आम्ल संपवतो हे आम्ही दोनदा मोजले. वडिलांना कुठे दुखते, केव्हापासून दुखते, हे एकदाही विचारले नाही.

आज वर्गात कुणी कवितेच्या मात्रा अचूक मोजून दाखवल्या, की आम्ही त्याचे पूर्ण गुण देतो. तेथे चुकारपणा खपवून घेत नाही. मग वही मिटायला सांगतो आणि विचारतो, ‘आता सांग, या माणसाला दुखते कुठे?’