एकोणपन्नास टक्के

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता झुरिकला जाऊन आलो. आमच्या सौभाग्यवतींचा धाकटा भाऊ तिथे बरीच वर्षे इंजिनियर आहे. "तुम्ही दोघे एकदा तरी या" असे तो इतक्या वेळा म्हणाला होता की, जाण्याच्या खर्चापेक्षा न जाण्याचा संकोचच मोठा वाटू लागला होता. शेवटी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून हातावेगळ्या केल्या आणि निघालो.

विमानात बसल्यावर पाचच मिनिटांत सौभाग्यवतींनी माझा दंड धरला. "अहो, आपण भलत्याच विमानात तर नाही ना बसलो?" तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आमच्या तिकिटावर एका कंपनीचे नाव होते, आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीवर, रुमालावर, पाण्याच्या पेल्यावर दुसरीचे. हवाईसुंदरीने हसून समजूत घातली : दोन्ही कंपन्यांची भागीदारी आहे, तिकीट त्यांचे, विमान आमचे. हे ऐकून मला बरे वाटले. पण झुरिकला उतरल्यावर आमची बॅग आली नाही, तेव्हा या भागीदारीची दुसरी बाजू कळली. ज्यांचे विमान ते म्हणाले, ज्यांचे तिकीट त्यांच्याकडे जा. आणि ज्यांचे तिकीट ते म्हणाले, ज्यांचे विमान त्यांच्याकडे जा. बॅग तिसऱ्या दिवशी आली. तोवर मेतकूट आणि लोणचे कुठल्या देशाची हवा खात होते, देव जाणे.

मेहुणा मात्र खो खो हसला. "भाऊजी, ही कोड-शेअरची गंमत आहे. एकाच विमानावर दोघांनी आपापला क्रमांक लावायचा आणि दोघांनी तिकिटे विकायची. पण हे नुसते बोलाचालीचे संबंध. खरी मजा सोयरीक झाल्यावर, म्हणजे एका कंपनीने दुसरीचे शेअर घेतल्यावर. आणि ती गोष्ट ऐकायची तर तुम्ही अगदी योग्य गावी आला आहात."

मी ती गोष्ट चवीने ऐकली असती आणि विसरून गेलो असतो. मराठीच्या प्राध्यापकाला विमान कंपन्यांच्या भागभांडवलाशी काय कर्तव्य? पण त्याच रात्री मिरजेहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला.

त्याचा मिरजेला छापखाना आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने कर्ज काढून मोठे ऑफसेट यंत्र घेतले. यंत्र उत्तम आहे, पण अर्धा दिवस ते गप्प उभे असते. गावात तेवढे कामच नाही. इचलकरंजीला आमच्या चुलतभावाचे लग्नपत्रिकांचे आणि वह्यांचे दुकान आहे. गिऱ्हाईक भरपूर, पण दुकान कर्जात. भावाच्या डोक्यात कल्पना अशी की, त्या दुकानात एकोणपन्नास टक्के भागी घ्यायची, म्हणजे तिथली सगळी छपाई मिरजेच्या यंत्रावर येईल. पन्नासच्या वर जायचे नाही, कारण दुकानाचा भाडेकरार आणि परवाने चुलतभावाच्या नावावर आहेत. मालक बदलला तर घरमालक जागा खाली करायला लावील. हे जमले की जयसिंगपूर, मग कुरुंदवाड. पैशासाठी वडिलांनी बांधलेले घर गहाण ठेवायचे. "दादा, तुझी फक्त एक सही लागेल," तो म्हणाला.

मी "बघू" म्हणून फोन ठेवला. झोप काही लागेना. दुसऱ्या दिवशी गच्चीत चहा घेता घेता मीच मेहुण्याला म्हटले, "ती कालची गोष्ट पुरी कर."

गोष्ट स्विसएअरची. १९३१ साली स्थापन झालेली ही कंपनी. तिची शिस्त आणि तिची तिजोरी या दोन्हींची अशी ख्याती होती की लोक तिला 'उडती बँक' म्हणत. पण देश चिमुकला, वस्ती त्या काळी सत्तर लाखांच्या घरात. एवढ्याशा गावाच्या जिवावर जगभर विमाने कशी भरायची? कृष्णा मोठी होते ती वारणा आणि पंचगंगा येऊन मिळतात म्हणून. झुरिकलाही आजूबाजूच्या देशांतून उतारूंच्या उपनद्या हव्या होत्या.

मग त्या देशांतल्या कंपन्या सरळ विकत का घेऊ नयेत? इथे एक पेच आहे, आणि या धंद्यातले सारे विचित्र वागणे त्यातून निघते. १९४४ साली शिकागोला जो करार झाला, त्याने ज्याच्या त्याच्या देशावरचे आकाश ज्याचे त्याला दिले. कुठल्या कंपनीने कुठून कुठे उडावे हे दोन देशांची सरकारे आपसांत ठरवतात, आणि तो हक्क आपल्या नागरिकांच्या मालकीच्या कंपनीला देतात. मालकी परक्याच्या हाती गेली की हक्कच जाण्याची भीती. म्हणून अमेरिकेत परक्याला मताधिकाराचे २५ टक्क्यांहून अधिक शेअर घेता येत नाहीत. युरोपीय संघात निम्म्याच्या आत राहावे लागते. आपल्याकडे २०१२ साली परदेशी विमान कंपन्यांना ४९ टक्क्यांपर्यंत दार उघडले. ऐकताना मला इचलकरंजीचा घरमालक दिसू लागला होता.

स्वित्झर्लंडची अडचण आणखी एक पायरी पुढची होती. युरोपातले देश आपापसांत आकाश मोकळे करीत होते, आणि त्या मोठ्या बाजारपेठेत शिरायचे की नाही यावर ६ डिसेंबर १९९२ रोजी स्विस जनतेने मतदान केले. ५०.३ टक्के लोक 'नको' म्हणाले. स्विसएअर दाराबाहेर राहिली. पुढच्या वर्षी केएलएम, एसएएस, ऑस्ट्रियन आणि स्विसएअर अशा चौघांनी एकत्र नांदायचा बेत केला. तोही मोडला; कारण काय, तर प्रत्येकाचा अमेरिकेतला व्याही वेगळा, आणि कुणी आपला सोडायला तयार नाही! लग्ने याहून क्षुल्लक कारणांनी मोडलेली आपण पाहतो, तेव्हा हसण्यात अर्थ नाही.

मग १९९५ साली स्विसएअरने बेल्जियमच्या सबेनाचे ४९.५ टक्के शेअर घेतले. सबेना १९२३ सालची, मानाची, आणि तोट्याची सवय जडलेली. पुढे मॅकिन्सी या सल्लागार कंपनीच्या सल्ल्याने एक मोठी योजना आखण्यात आली. तिचे नाव 'हंटर', म्हणजे शिकारी. फिलिप ब्रुगिसर हे तेव्हाचे कर्तेधर्ते. फ्रान्समधल्या एओएम, एअर लिबर्ते आणि एअर लितोराल, जर्मनीची एलटीयू, इटलीची व्होलारे, पोलंडची लॉट, थेट दक्षिण आफ्रिकेची कंपनी, असे एकामागून एक भाग घेतले गेले. यांतल्या धडधाकट किती? ज्यांची प्रकृती चांगली, त्या मोठ्या कंपन्यांच्या आघाड्यांत आधीच गेल्या होत्या. उरल्या होत्या त्यांना सोयरीक हवी होती, कारण त्यांना पैसा हवा होता.

"पण तोटा झाला तरी निम्म्याहून कमीच ना?" मी विचारले.

मेहुण्याने कप खाली ठेवला. "तेच तर, भाऊजी. कागदावर ४९. पण बाजूला दुसरे कागद होते. पुढे उरलेले शेअरही आम्ही घेऊ, गरज पडली तर पैसा आम्ही ओतू, अशी वचने दिलेली. किल्ल्या त्यांच्याकडे, आणि उधारी यांच्याकडे."

२००० सालचा हिशेब झाला तेव्हा तोटा निघाला सुमारे २९० कोटी फ्रँकचा. ब्रुगिसर गेले. नेस्लेमध्ये पैशाचा कारभार पाहिलेले मारिओ कोर्ती आले, पण तोवर फार उशीर झाला होता. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि उतारूच नाहीसे झाले. २ ऑक्टोबर २००१ रोजी, ज्या कंपनीला लोक बँक म्हणत, तिला इंधनवाले सांगू लागले, आधी रोख पैसे. विमाने जागच्या जागी उभी राहिली, हजारो उतारू वाटेत अडकले. महिनाभरात, ७ नोव्हेंबरला, सबेनाचेही दिवाळे निघाले. स्विसएअरच्या मोडक्यातून 'स्विस' नावाची नवी कंपनी उभी राहिली, आणि २००५ साली ती लुफ्तान्साकडे जायचे ठरले. पुढे खटला झाला, एकोणीस जण आरोपी. २००७ साली सगळे निर्दोष सुटले. यात मला न्यायालयाचे काही चुकले असे वाटत नाही. इतकी माणसे, इतके सल्लागार, इतके कागद. आणि बुडण्याच्या क्षणी हात कुणाचा होता हे कुणालाच सांगता येऊ नये, हा या भागीदारीचाच स्वभाव असावा. आमच्या बॅगेचे तरी दुसरे काय झाले होते?

आता कुणाला वाटेल की एवढे पाहिल्यावर जग शहाणे झाले असेल. अबू धाबीची एतिहाद २००३ साली निघाली, आणि दहा वर्षांच्या आत तिने तोच डाव मांडला. एअर बर्लिनचा जवळजवळ तिसरा हिस्सा, एअर सेशेल्सचे ४० टक्के, सर्बियाच्या कंपनीचे ४९, अलितालियाचे ४९. सगळ्यांचे उतारू वाळवंटातल्या एका विमानतळावर आणायचे. आपल्या मुंबईच्या जेटचे २४ टक्केही तिने २०१३ साली घेतले. जेटला ही सोयरीक नवी नव्हती. आरंभी गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज तिच्या घरात होत्याच, पण १९९७ साली सरकारी धोरण बदलले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. २०१६ या एकाच वर्षी एतिहादला १८७ कोटी डॉलरचा तोटा झाला. २०१७ मध्ये अलितालिया आणि एअर बर्लिन दोघी कोसळल्या. जेटचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आले. जेटच्या बुडण्याला इतर कारणे पुष्कळ होती, त्याचा दोष या एका सोयरिकीवर लादणे बरोबर नाही. पण २४ टक्क्यांच्या भागीदाराला ती वाचवताही आली नाही, आणि धड सोडताही आली नाही. सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून टाकायचा आदेश दिला तो ७ नोव्हेंबर २०२४ रोजी. सबेनाची तारीखही तीच. मी ज्योतिष मानत नाही, पण नोंद करून ठेवली.

"म्हणजे शेअर घेऊच नयेत?" मी म्हटले.

"तसे नाही," मेहुणा म्हणाला, आणि त्याने केएलएमची गोष्ट सांगितली. मला ती सर्वांत आवडली. डच केएलएमने १९८९ साली अमेरिकेच्या नॉर्थवेस्टचे शेअर घेतले. पुढे दोघांची अशी जुंपली की प्रकरण कोर्टात गेले. वाद कारभार कुणी करायचा याचा. पण अटलांटिकवरची दोघांची विमाने मात्र भांडत नव्हती. तिथे उत्तम चालले होते. १९९७ साली त्यांनी काय केले? केएलएमने शेअर परत द्यायचे कबूल केले, आणि त्याच वेळी अटलांटिकवरच्या धंद्यापुरता लांब मुदतीचा करार केला : एवढ्या मार्गांवरचा नफातोटा दोघांत वाटून घ्यायचा. एकमेकांच्या स्वयंपाकघरात जायचे नाही. पुढे नॉर्थवेस्ट डेल्टात विलीन झाली, केएलएम एअर फ्रान्सबरोबर गेली, पण ती अटलांटिकवरची भागी आजही चालू आहे.

त्या संध्याकाळी मी मिरजेला फोन केला. "करारनाम्याचा मसुदा आहे का? फोटो काढून पाठव." तो जरा घुटमळला, पण पाठवला. सहावे कलम होते, दुकानाच्या बँकेतल्या कर्जाला भावाने जामीन राहावे. नववे होते, तीन वर्षांनी चुलतभावाने मागणी केल्यास उरलेली भागी भावाने घेतलीच पाहिजे. माझ्या जन्मभराच्या व्याकरणाने मला 'घेतली तर' आणि 'घेतलीच पाहिजे' यांतला फरक एवढा स्पष्ट कधी दाखवला नव्हता.

"अरे, हे एकोणपन्नास नाहीत, हे शंभर आहेत," मी म्हणालो.

"दादा, तो काय परका आहे?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो परका नाही. लहानपणी कृष्णेत पोहायला त्यानेच आम्हा दोघांना शिकवले. मी एवढेच म्हटले की, भागी नको. छपाईचा करार कर. तीन वर्षे सगळे काम तुझ्या यंत्रावर, त्या कामाचा नफा निम्मा निम्मा. घरावर सही मी देणार नाही.

गणपतीत आम्ही मिरजेला गेलो, तेव्हा भाऊ माझ्याशी कामापुरते बोलला. बाकीचे निरोप वहिनीमार्फत माझ्या बायकोला आणि तिच्याकडून मला. चुलतभाऊ आरतीला आला नाही. बायको म्हणते, तुम्ही फार तोडून बोललात. मेहुण्याच्या गोष्टी ऐकून आपल्या माणसाला स्विसएअरच्या रांगेत बसवलेत. तसे असेलही. इचलकरंजीचे दुकान कदाचित या पैशाने तरलेही असते. सबेनासारख्याच सगळ्या असतात असे थोडेच आहे?

परवा मिरजेहून फराळाचा डबा आला. बरोबर नेहमीप्रमाणे छापखान्याचे दिवाळी शुभेच्छापत्र होते. कागद नवा, छपाई सुबक. खाली कोपऱ्यात मिरजेच्या छापखान्याचे नाव होते, आणि त्याच्याच शेजारी, त्याच टंकात, इचलकरंजीच्या दुकानाचे. चिठ्ठी काही नव्हती. सौभाग्यवतींनी ते दोनदा उलटून पाहिले आणि चकल्या मोजायला घेतल्या.