गाळलेल्या जागा

फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात नोटेशनची काही सुटी पानं सापडली. कामिय सॅं-साँसची ‘कावातीन’, ओपस १४४, ट्रॉम्बोन आणि पियानोसाठी. पण हातात होता तो नुसता ट्रॉम्बोनचा भाग. अशा रचना छापतात तेव्हा पियानोवाल्याच्या प्रतीत दोन्ही वाद्यांच्या ओळी असतात आणि एकल वादकाचा भाग वेगळा, त्या प्रतीच्या पोटात सरकवलेला. सुटा असल्यामुळे तो सुटतोच. पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. श्वासाच्या जागी स्वल्पविराम, काही स्वरांच्या डोक्यावर ४ हा आकडा. आणि जिथे जाड आडवी पट्टी आणि वर एक संख्या छापलेली असते, म्हणजे इतके बार गप्प राहायचं, तिथे कुणीतरी अगदी बारीक अक्षरांत पियानोचे चार-पाच स्वर लिहून ठेवले होते. गप्प असताना काय ऐकायचं, याची नोंद.

ट्रॉम्बोनवाल्याचं अर्धं आयुष्य मोजण्यातच जातं. बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीत तीन भाग वाद्य मांडीवर घेऊन बसायचं आणि चौथ्यात शिरायचं. ब्राह्म्सच्या पहिल्या सिम्फनीतही शेवटच्या भागापर्यंत एक स्वर नाही. आणि मग पहिलंच वाक्य येतं ते हळू, उंच पट्टीतलं, कोरड पडलेल्या ओठांनी वाजवायचं. शूमनच्या ‘ऱ्हेनिश’मध्ये चौथा भाग येईपर्यंत तीच गत. या वाद्याला कित्येक शतकं देवाच्या आणि मरणाच्या कामासाठी राखून ठेवलं होतं. मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’त थडग्यावरचा पुतळा बोलू लागतो तेव्हा ट्रॉम्बोन वाजतात. बेथोवनने १८१२ साली लिन्झमध्ये चार ट्रॉम्बोनसाठी छोट्या रचना लिहिल्या, त्या मृतांच्या स्मरणदिनासाठी. १८२७ मध्ये त्यांतल्याच काही त्याच्या स्वतःच्या अंत्ययात्रेला वापरल्या गेल्या.

असं गंभीर, थांबून थांबून बोलणारं वाद्य एका खोलीत, पियानोशेजारी उभं करून त्याला सलग बोलायला लावलं ते मुख्यतः परीक्षांनी. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत दरवर्षीच्या स्पर्धा-परीक्षेसाठी एक रचना ठरवली जाई, आणि अनेकदा ती मुद्दाम नवी लिहून घेतली जाई. आलेक्झांद्र गिल्माँची ‘मोर्सो सँफोनिक’ १९०२ची, रोपार्त्झची १९०८ची, आंरी द्यूतियोची ‘कोराल, कादांस ए फुगातो’ १९५०ची. या वाद्याच्या भांडारातला फार मोठा वाटा असा प्रश्नपत्रिकांचा आहे. मला या प्रश्नपत्रिका मनापासून आवडतात. काही मिनिटांत मुलाला गाता येतं का, श्वास पुरतो का, बोटांऐवजी मनगटाने धावता येतं का, हे सगळं विचारायचं, आणि तरी ते संगीत राहिलं पाहिजे. गिल्माँ तर जन्माचा ऑर्गनवादक. पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये त्याने तीन दशकं ऑर्गन वाजवला. त्याच्या रचनेची संथ सुरुवात ऐकताना दगडी कमानीखाली उभं असल्यासारखं वाटतं.

ती सुरुवात मला तिचं नाव कळण्याच्या खूप आधीपासून पाठ होती.

गिरगावात आमची चाळ खोताच्या वाडीला लागून. आमच्या मागच्या खिडकीसमोर, हात लांब केला तर टेकेल इतक्या अंतरावर, एका गोवेकर गृहस्थांची खोली होती. आम्ही मुलं त्यांना नुसतं अंकल म्हणायचो. सकाळी पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात लांब काळी पेटी, आणि ताडदेवच्या फिल्म सेंटरला रेकॉर्डिंग. गाण्यांत त्यांच्या वाट्याला काय येत असेल ते आता कळतं: मागे चार दमदार स्वर, एखादा घसरता सूर, आणि बाकी मोजणं. पण संध्याकाळी परत आल्यावर, आंघोळ करून, खिडकीकडे तोंड करून ते स्वतःसाठी वाजवत. आधी नुसते लांब सूर, एकेक श्वास संपेपर्यंत. मग स्टँडवर पानं लावून एक मोठी रचना. गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणी सोल्फेज घोकलेलं, त्यामुळे वाचन पक्कं. ते पानाकडे बघत तेही सवयीनं.

त्या रचनेला भोकं होती. चार ओळी वाजवायच्या आणि वाद्य खाली घ्यायचं. पाय चालू. मान हलकी हलायची, ओठ पुटपुटायचे. आम्ही वाट बघायचो. संपलं वाटून मुलं पांगायची आणि नेमकं तेव्हाच अंकल वाद्य वर उचलून अशा ठिकाणी पुन्हा सुरू करायचे की मधला वेळ कुठे गेलाच नव्हता असं वाटावं. एकदा मी खिडकीतून ओरडून विचारलं, “अंकल, थांबलात का?” ते पाय न थांबवता म्हणाले, “थांबलो नाय गो, मोजतो.” त्यानंतर मीही मोजायला लागले. मला काय मोजायचं ते ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या पायाकडे बघून हळूहळू मला त्या रिकाम्या जागांची लांबी कळू लागली. कुठली छोटी, कुठली मोठी, कुठल्या जागेनंतर वेग वाढतो. आणि रिकामी जागा फार वेळ रिकामी राहत नाही. त्या सगळ्या ठिकाणी मी माझ्या मनाच्या चाली रचून ठेवल्या. काही चक्क आरत्यांच्या होत्या.

आमच्या घरात आत्या गाणं शिकवायची. तानपुऱ्यावर, पेटीला तिचा कडवा विरोध होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, तिला त्या बंदीचा अभिमान होता, जणू तिनेच घातली होती. पेटीचा गंधार चढा, हे तिचं मुख्य म्हणणं. जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, तो स्वयंभू गंधार, तो तिचा मापदंड. संध्याकाळी तिच्या शिकवण्या आणि अंकलचे लांब सूर एकाच वेळी चालत, आणि गल्लीतले बाकी सगळे त्याला गोंगाट म्हणत. पण एके दिवशी तिने विद्यार्थिनीला मध्येच हाताने थांबवलं. खिडकीकडे बोट करून म्हणाली, “ऐक. त्या माणसाचा गंधार ऐक.”

ती किती बरोबर होती, ते मला ट्रॉम्बोन कसं चालतं हे वाचल्यावर समजलं. या वाद्याला सात जागा असतात. स्लाइड पूर्ण आत असते ती पहिली. दर पुढच्या जागेला सूर अर्ध्या स्वराने उतरतो. पण या जागांवर खुणा नसतात. हात आणि कान एवढंच. पहिल्या जागेवर, नळी सर्वांत आखूड असताना, ओठांच्या ताणाने जे स्वर निघतात ते निसर्गक्रमाने निघतात, तानपुऱ्याच्या तारेत निघतात त्याच क्रमाने. बी फ्लॅट हा षड्ज धरला, तर पाचवा अंशस्वर डी, म्हणजे त्याचा गंधार, पियानोच्या डीपेक्षा जरासा खाली बसतो. अगदी तोच स्वयंभू गंधार. आणि गंमत अशी की स्लाइड आधीच पूर्ण आत असल्यामुळे तो वर ढकलायला जागाच उरत नाही. म्हणून पियानोबरोबर वाजवताना वादक तो स्वर पुष्कळदा चौथ्या जागी घेतात, जिथे हवा तितका वर सरकवता येतो. त्या जुन्या पानांवरचे पेन्सिलीतले ४ त्यासाठीच असावेत. अंकल एकटे होते. त्यांचा गंधार त्याला बसायचं होतं तिथे बसायचा.

पुष्कळ वर्षांनी गिल्माँची रचना एका रेकॉर्डिंगवर ऐकली, पहिल्या काही स्वरांतच ओळखली, आणि मग पहिली रिकामी जागा आली. तिथे पियानो होता. मला राग आला. माझ्या चालींच्या जागी कुणी परकं येऊन बसलं होतं, आणि त्याचं म्हणणं माझ्या आरत्यांपेक्षा साधं होतं. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर दिसलं की तो पियानो पुढच्या वाक्याची तयारी करून देतोय, दार उघडून धरतोय. आता त्या जागांशिवाय ती रचना मला अपुरी वाटते. तरी पाय अजून अंकलचाच चालतो.

रिकाम्या जागांवरच वाढलेली एक अख्खी परंपरा ट्रॉम्बोनवाल्यांची आहे. मार्को बोर्दोन्यी हा ऑपेराचा गायक. त्याने गळ्यासाठी, पियानोच्या साथीने, स्वरसाधनेच्या चाली लिहिल्या. बॉस्टन सिम्फनीचा ट्रॉम्बोनवादक जोआनेस रोशू याने १९२८ मध्ये त्यांतल्या १२० चाली आपल्या वाद्यासाठी छापल्या, आणि पियानो काढून टाकला. तेव्हापासून जगभरचे ट्रॉम्बोनवाले रोज गायकाची चाल साथीशिवाय गातात.

उलट टोकाला हिंडेमिथ. जर्मनी सोडून, स्वित्झर्लंडमार्गे अमेरिकेत पोचलेला, येल विद्यापीठात शिकवणारा. १९४१ सालच्या त्याच्या सोनाटात पियानो मागे राहायला तयारच नाही. दुसऱ्या भागात तर ट्रॉम्बोन आपली ओळ परत परत म्हणतो आणि पियानो तिच्याभोवती सगळी कामं करतो. तिसऱ्या भागाला त्याने भांडकुदळाचं गाणं असं नाव दिलंय. १९६४ नंतर मंचावर न चढलेल्या पियानोवादक ग्लेन गुल्डने १९७०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या ब्रासवादकांबरोबर हिंडेमिथचे ब्रास वाद्यांसाठीचे सोनाटे ध्वनिमुद्रित केले. ट्रॉम्बोनवर हेन्री चार्ल्स स्मिथ. गुल्डचा कोरडा, तुटक स्पर्श इथे मला त्याच्या कित्येक गाजलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा जास्त आवडतो. दोघे बरोबरीचे आहेत, आणि कुणीही नमतं घेत नाही. अशा कार्यक्रमांच्या पत्रकांवर पियानोवादकाचं नाव बारीक टायपात छापायची पद्धत कुणीतरी बंद करायला हवी.

बर्नस्टाइनने १९४८ मध्ये ब्रास वाद्यांसाठी छोट्या रचनांचा संच केला. ट्रम्पेटला पियानो दिला, हॉर्नला दिला, ट्यूबालाही दिला. ट्रॉम्बोनसाठी लिहिली भावाच्या कुत्र्यावरची विलापिका, आणि त्यात पियानो नाही; वादकाने स्वतःच्या पायाने ठेका धरायचा, बारला चार. तिच्यात ब्लूजच्या वळणाचे, स्लाइडने ओढण्याजोगे स्वर आहेत, आणि ते नेमके कुठे टेकवायचे हे विचारायला शेजारी कुणीच नाही. मी ऐकलेल्या वादकांपैकी प्रत्येकाने ते वेगळ्या जागी टेकवले आहेत.